‘द. उ. ७’ म्हणजे काय? एका महामार्ग पोलिसाच्या स्मरणिकेचं प्रकरण

कराड तालुक्यात, उंब्रजपासून जवळ घर असलेल्या एका निवृत्त सहायक फौजदारांचं २ डिसेंबर २०२३ रोजी निधन झालं. नोकरी ३६ वर्षांची, त्यातली काही वर्षं महामार्ग पोलिसात. खात्यात आणि गावात त्यांना आप्पा म्हणत. या टिपणातही तेवढंच नाव पुरे. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि नातवंडं. २०२४च्या गणपतीत भावंडं घरी जमली तेव्हा ठरलं की वर्षश्राद्धाला एक स्मरणिका काढायची. पानं ३२, प्रती ३००. जेवायला येईल त्या प्रत्येक घरात एक जावी.

संपादनाचं काम आमच्याकडे आलं. हाती आलेलं सगळं साहित्य एका रेक्झिनच्या पिशवीत मावलं: ६१ फोटो, निवृत्तीच्या वेळचं मानपत्र, प्रशस्तिपत्रांची फाइल, सेवापुस्तकाची दुय्यम प्रत, वर्तमानपत्राची चार कात्रणं आणि रबर लावून बांधलेल्या अकरा खिसाडायऱ्या. डायऱ्यांबद्दल थोरल्याने आधीच बजावलं होतं, “त्या नकोत छापायला. नुसत्या हिशेबाच्या आहेत.” का नकोत, ते पुढे येईल.

सोबत थोरल्याने लिहिलेला चार पानी मजकूर होता. कर्तव्यदक्ष, निर्भीड, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, शिस्तप्रिय पण प्रेमळ. पहिल्याच पानावर एकोणीस विशेषणं. नाव झाकलं असतं तर हाच मजकूर तलाठ्याला चालला असता, हेडमास्तरांना चालला असता, सोसायटीच्या सचिवालाही चालला असता. यात मुलाचा दोष नाही. निवृत्तीच्या कार्यक्रमांत मानपत्रं ऐकत मोठी झालेली माणसं वडील गेले की मानपत्रच लिहितात. पण आप्पा रात्री अडीच वाजता खंबाटकी घाटाच्या चढाला नेमकं काय करत होते, हे त्या चार पानांत कुठंच नव्हतं. खरं म्हणजे घरात कुणाला ते माहीतही नव्हतं.

कागद एक सांगतात, घर दुसरं

पहिलं काम वर्षांची पट्टी आखण्याचं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर १९५५ ते २०२३ अशी वर्षं खाली-खाली लिहायची आणि प्रत्येक वर्षासमोर तीन रकाने ठेवायचे: कागद काय म्हणतो, घर काय म्हणतं, तिसरं कोण सांगतं. एकच रकाना भरला तर ती गोष्ट पेन्सिलीने लिहायची, दोन भरले तर शाईने. पेन्सिलीतलं काही छापायचं असेल तर ‘घरच्यांच्या सांगण्यानुसार’ हे शब्द सोबत जायलाच हवेत. हे साधं तंत्र आहे, पण ते वगळलं की स्मरणिकेत चुका होतात, आणि छापलेली चूक पुढच्या पिढीला पुरावा म्हणून दाखवली जाते.

या प्रकरणात पट्टीने पाच ठिकाणी अडवलं.

जन्मतारीख. सेवापुस्तकात १ जून १९५५. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेली माणसं त्या पिढीत गावोगाव सापडतात, त्यामुळे ही तारीख दिसली की थांबायचं. पत्नीने सांगितलं, सासूबाई म्हणायच्या की गौरी जेवल्या त्या दिवशीचा जन्म. वर्ष मात्र जुळत होतं, कारण ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पाटण तालुक्यातल्या त्यांच्या गावात ते सातवीत होते, हे भावकीतल्या दोघांनी वेगवेगळं सांगितलं. स्मरणिकेत दोन्ही गोष्टी घेतल्या. निवृत्तीची तारीख मात्र कागदाचीच धरायची. वय ५८ पूर्ण होतं त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, आणि जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे ३१ मे २०१३. मानपत्रावर २ जून होता. तो कार्यक्रमाचा दिवस.

पदक. घरात सगळे ‘राष्ट्रपती पदक’ म्हणत. भिंतीवरच्या फोटोत पालकमंत्री पदक लावताहेत, मागे झेंडा. राष्ट्रपतींची पोलीस पदकं २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या निमित्ताने जाहीर होतात. फाइलमधलं पत्र पोलीस महासंचालकांच्या सन्मानचिन्हाचं निघालं आणि फोटो १ मेच्या संचलनाचा. सन्मानचिन्ह काही लहान गोष्ट नाही. सेवापुस्तकातली बक्षिसांची रांग स्वच्छ असल्याशिवाय ते मिळत नाही. पण नाव चुकीचं छापलं असतं तर जेवणाच्या पंगतीतले वीस-पंचवीस निवृत्त पोलीस गालात हसले असते आणि उरलेल्या ३१ पानांवर त्यांचा विश्वास बसला नसता.

‘आयुष्यभर हायवेला’. मानपत्रातही हेच होतं. सेवापुस्तक सांगतं की हायवेला दोनच फेऱ्या, १९९८ ते २००३ आणि २००७ ते २०११. बाकी वर्षं मुख्यालय आणि जिल्ह्यातली पोलीस ठाणी. महामार्ग पोलिसातली नेमणूक ठरावीक काळाची असते आणि माणूस पुन्हा मूळ घटकात जातो. मग घरच्यांना तीच वर्षं का आठवतात? कारण त्याच वर्षांत मुलं शाळेत होती आणि वडील रात्री घरी नसत.

मांढरदेव. धाकट्याला ठाम आठवत होतं की ‘२००४ला चेंगराचेंगरी झाली तेव्हा आप्पा गडावर होते’. ती दुर्घटना २५ जानेवारी २००५ची. त्या काळात आप्पा कोरेगावला नेमणुकीवर. सोबतच्या एका निवृत्त हवालदारांनी सांगितलं की ते दुसऱ्या दिवशीच्या बंदोबस्तात गेले होते. छापलं तेवढंच.

पाचवी चूक नातवाची, आणि ती सगळ्यांत शिकण्यासारखी. त्याने हौसेने एक प्रसंग लिहिला होता: आजोबा जखमीला उचलतात, १०८ला फोन करतात, रुग्णवाहिका येते. महाराष्ट्रात १०८ची सेवा सुरू झाली जानेवारी २०१४ला. आप्पा त्याआधी सात महिने निवृत्त झाले होते. त्यांच्या काळात जखमीला मिळेल त्या गाडीतून न्यावं लागे: जीप, भाजीचा टेम्पो, प्रसंगी बसच्या मागच्या सीटवर आडवं. आणि गाडीवाला तयार व्हायचा नाही, कारण दवाखान्यात नेलं की साक्षीला नाव लागेल, कोर्टाचे हेलपाटे होतील ही भीती. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने लागू केली २०१६ला आणि मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं २०१९च्या दुरुस्तीने. त्याआधी चालकाला पटवणं हे सगळं पोलिसाच्या तोंडावर होतं. नातवाचा प्रसंग काढला नाही. रुग्णवाहिका काढली, भाजीचा टेम्पो घातला, आणि तो जिवंत झाला.

अकरा डायऱ्या

आता मुख्य गोष्ट. नऊ डायऱ्या हायवेच्या नऊ वर्षांच्या, दोन निवृत्तीनंतरच्या. शर्टाच्या खिशात मावणाऱ्या, निळ्या बॉलपेनने भरलेल्या, दोन तर पावसाने फुगलेल्या. पहिल्या पानावर फोन नंबर: क्रेनवाले तीन, सातारा सिव्हिल, टोलनाके. मग रोजचं. डाव्या पानावर ड्यूटी, उजव्या पानावर घर. एका मंगळवारचं जोडपान असं:

डावीकडे: ‘रात्र. खंबा. चढ. ट्रक बंद, पाटा. क्रेन २.४०. मो. ४.१०. द. उ. ७. पा. नाही.’

उजवीकडे: ‘मोठ्याची फी. शेंगदाणे २ कि. गॅस नं. लावणे. आईचा चष्मा – दांडी.’

स्मरणिकेचं अख्खं काम या एका जोडपानावर उभं राहिलं. ‘खंबा’ म्हणजे खंबाटकी, ‘मो.’ म्हणजे रस्ता मोकळा, ‘पाटा’ म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. हे अंदाजाने लागलं. ‘द. उ.’ मात्र लागेना. आणि तो जवळपास प्रत्येक रात्रपाळीला होता, पुढे आकडा: ४, ७, ११, कधी २०च्या वर.

थोरल्याला डायऱ्या का नको होत्या ते इथं कळलं. त्याने वर्षभरापूर्वीच त्या चाळल्या होत्या आणि मनाशी अर्थ लावला होता: ‘दंड उचलला’. म्हणजे पावती न फाडता घेतलेले पैसे. आकडा म्हणजे गाड्या. वडिलांबद्दल असा संशय मनात धरून तो वर्षभर गप्प होता, आणि एकोणीस विशेषणं बहुधा त्याच्यावरचं पांघरूण होती.

अशा वेळी संपादकाने दोन चुका करू नयेत. एक, घाईने ‘छे, छे, तसं नसेल’ म्हणणं. दोन, डायऱ्या गुपचूप बाजूला ठेवणं. पाहायचं ते कागदातच पाहायचं.

पहिला पुरावा डायरीतलाच. दंडाची नोंद वेगळी होती: ‘पा. १४, रु. १४००’. त्या काळी किरकोळ गुन्ह्याचा दंड १०० रुपये असे, त्यामुळे चौदा पावत्यांचे चौदाशे. पावत्या आणि रुपये कायम जोडीने येतात, ‘द. उ.’पुढे रुपये एकदाही नाहीत. दुसरा पुरावा: आकडा कुठं वाढतो? घाटातल्या रात्री, पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास. पावत्या मात्र दिवसा आणि सपाटीला जास्त. दोन्ही गोष्टी एकच असत्या तर सोबत वाढल्या असत्या. तिसरा पुरावा पहिल्याच डायरीत, जानेवारी १९९८च्या तिसऱ्या आठवड्यात. सवय नवी असताना माणूस पूर्ण शब्द लिहितो. तिथं स्वच्छ अक्षरात होतं: ‘वेळ्याच्या उताराला दगड उचलले ९.’

दगड उचलले.

शेवटची खात्री निवृत्तीनंतरच्या दोन डायऱ्यांनी केली. ३१ मे २०१३नंतर त्यांच्याकडे ना पावती पुस्तक होतं ना शिट्टी. तरी २०१४च्या एका पानावर, मेथी आणि खताच्या पिशवीच्या मधोमध: ‘उंब्रज बाजार. द. उ. २.’

हे पुरावे थोरल्याला दाखवले तेव्हा त्याने डायरी बंद केली, पुन्हा उघडली आणि म्हणाला, “ही घ्या छापायला. हे पान पहिलं घ्या.”

दगड का उचलायचे

स्मरणिकेत यासाठी दोन पानं दिली, आणि ती कमीच पडली. ज्याने घाटात गाडी चालवली नाही त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

आजचा राष्ट्रीय महामार्ग ४८ म्हणजे आप्पांच्या नोकरीतला ४. खंबाटकीत बोगदा झाल्यावर पुण्याकडून येणारी वाहनं खंडाळ्याच्या बाजूने घाट चढून वेळ्याकडे उतरत आणि साताऱ्याकडून जाणारी बोगद्यातून निघून उताराच्या एस वळणाला लागत. सुरुवातीच्या डायऱ्यांत मात्र बोगद्याआधीचा घाट आहे: एकच रस्ता, वर जाणारं आणि खाली येणारं समोरासमोर. चढाला जादा माल भरलेला ट्रक बंद पडतो. पाटा तुटतो, क्लचप्लेट जळते, रेडिएटर उकळतो. चालक आणि क्लीनर उतरतात आणि चाकामागे मोठे दगड लावतात, कारण चढाला नुसत्या हॅण्डब्रेकवर भरलेल्या गाडीचा भरवसा धरता येत नाही. मग मागून येणाऱ्याला कळावं म्हणून दहा-पंधरा पावलांवर आणखी दगडांची ओळ आणि एक झाडाची फांदी. परावर्तक त्रिकोण गाडीत असायला हवा. असतो तो सीटखाली, नाहीतर मोडलेला. इथपर्यंत दगड उपयोगाचे आहेत.

दुरुस्ती झाली की चालक गाडीत बसतो आणि निघतो. चढाला एकदा पकडलेला गिअर सोडून दगड बाजूला करायला कुणी उतरत नाही. ट्रक जातो, दगड राहतात. रात्री मोटारसायकलचा डिप लाइट साधारण ३० ते ४० मीटर दाखवतो. ६०च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. म्हणजे दगड दिसल्यापासून चाक त्यावर जाईपर्यंत दोन सेकंद, आणि त्यातलं एक-दीड सेकंद नुसतं लक्षात येण्यात जातं. मोटारवाला ऐन वेळी स्टिअरिंग ओढतो आणि शेजारच्या लेनमधल्या कंटेनरखाली सापडतो. पावसात ओला काळा दगड ओल्या काळ्या डांबरावर दिसतच नाही.

दगड उचलला की काहीच घडत नाही. गुन्हा नाही, पंचनामा नाही, कात्रण नाही. आणि अपघात झालाच तरी गुन्हा दाखल होतो तो हद्दीच्या पोलीस ठाण्यात. तपास त्यांचा, कोर्टात नावं त्यांची. महामार्ग पोलिसाचं काम आधी पोचणं, जखमी काढणं, रस्ता मोकळा करणं आणि ठाण्याचे लोक आले की जागा त्यांच्या ताब्यात देणं. म्हणून चार कात्रणांपैकी एकातही आप्पांचं नाव नाही. मुलांना याचं वाईट वाटायचं. कारण कळल्यावर तीच कात्रणं कामाला आली: प्रत्येकाखाली त्या रात्रीची डायरीतली ओळ दिली. बातमीत आकडे आणि वाहतूक कोंडी. खाली ‘क्रेन २, मो. ६.१५, द. उ. ४’.

अपघाताच्या जागी काय करतात, ते त्यांच्या गस्तीच्या गाडीवर चालक राहिलेल्या सहकाऱ्याकडून तीन बैठकांत उतरवून घेतलं. ‘आप्पांबद्दल सांगा’ असं विचारल्यावर पहिल्या बैठकीत फक्त ‘देवमाणूस’ मिळाला. दुसऱ्या बैठकीत काड्यापेट्या आणि एक नारळाची दोरी समोर ठेवली, दोरीला रस्ता मानलं आणि विचारलं, “तुमची गाडी कुठं लावायचा?” मग दोन तास थांबायला तयार नव्हते.

गाडी अपघाताच्या पुढे लावायची नाही, मागे लावायची, येणाऱ्या वाहतुकीकडून, दिवे चालू ठेवून. तोंड किंचित तिरकं, म्हणजे मागून धडक बसलीच तर गाडी जखमींवर जाणार नाही. चाकं कडेला वळवलेली. ८०च्या वेगाने येणाऱ्या मोटारीला कोरड्या रस्त्यावर थांबायला, भान यायचा वेळ धरून, ८० ते ९० मीटर लागतात; भरलेल्या ट्रकला त्याहून जास्त. म्हणून पहिला कोन (वाहतूक वळवायचा शंकू) शंभर मीटरच्या मागे. वळण असेल तर वळणाच्या आधी, मग ते दोनशे मीटर का होईना. नवखा माणूस इथंच चुकतो: कोन अपघाताभोवती मांडतो आणि वळणाआडून आलेल्याला कोन आणि अपघात एकदमच दिसतात. कोन पाचच असतील तर ते तिरप्या रेषेत, लेन हळूहळू मिटत जाईल असे. मग इग्निशन बंद, डिझेल सांडलंय का पाहायचं, सांडलं असेल तर माती. बिडी ओढत बघायला आलेल्यांना आधी हटवायचं. गाड्या हलवण्यापूर्वी चाकांच्या जागा चुन्याने किंवा खडूने आखायच्या, नाहीतर ठाण्याचा पंचनामा अडतो. अडकलेल्याला ओढायचं नाही. श्वास चालतोय का, रक्त कुठून, मान सरळ. आणि सगळं आटपल्यावर काचा झाडायच्या. झाडू गाडीत असे. आप्पा स्वतः झाडत, हे सहकाऱ्याने जाता जाता सांगितलं. त्याला त्यात विशेष वाटलंच नव्हतं.

ही माहिती स्मरणिकेत चौकट म्हणून गेली, सोबत काड्यापेटीच्या मांडणीवरून काढलेलं साधं रेखाचित्र. अशी पानं घालावीत की नाही यावर घरात वाद झाला. मुलीचं म्हणणं होतं की पंगतीला येणाऱ्या बायकांना यात काय रस. आमच्या मते हीच पानं सर्वांत आधी वाचली जातात, आणि तसंच झालं.

घरातले आप्पा

पत्नीकडून ऐकायचं तर मुलं समोर नकोत, आणि दुपारी, भांडी आवरल्यावर. ‘ते कसे होते’ हा प्रश्न बाद. ‘रात्रपाळीहून आल्यावर आधी काय करायचे’ हा प्रश्न चालला. काकूंनी उत्तर दिलं, “बूट धुवायचं. मोरीत न्हाय, भाईर धुण्याच्या दगडावर. मला हात लावू द्यायचं न्हाईत.” डिझेल आणि रक्त घरात यायला नको, असं त्यांनी एकदाच सांगितलं होतं. मग आंघोळ, मग मुलांची दप्तरं उचलून बघायची जड झालीत का, मग झोप. लक्ष्मीपूजनाला ते नऊपैकी सात वर्षं ड्यूटीवर होते. हे काकूंनी सांगितलं आणि डायऱ्यांवरून मोजलं तर सातच निघाली. करंज्यांचा एक डबा वेगळा काढून ठेवायचा आणि पाडव्याला सगळ्यांनी त्यांच्यासोबत पुन्हा पहिल्यापासून खायचं, हा या घरातला फराळ.

उजव्या बाजूच्या पानांतून एक पूर्ण पान केलं: शाळेच्या फिया, चष्मा, बियाणं, मुलीच्या लग्नाच्या सोन्याचे हप्ते. काही टिप्पणी न करता, तारखांच्या क्रमाने. अंगणातून कुठलीही गाडी निघताना मागचे दोन्ही दिवे लागतात का हे बघून मगच ते हात करत, हे तिन्ही मुलांनी स्वतंत्रपणे सांगितलं.

त्याच पिशवीत पेन्शनचे कागद निघाले. कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झालं होतं. हयातीच्या दाखल्याची वेळ मात्र नोव्हेंबरचीच असल्यामुळे ते काम आधी उरकायला सांगितलं. स्मरणिका चार दिवस थांबली तरी चालते.

काय छापलं नाही

डायऱ्यांत गाड्यांचे क्रमांक आहेत, काही ठिकाणी मयतांची नावं आहेत. कुणाच्या तरी घरातला तो सर्वांत वाईट दिवस. आपल्या घरच्या गौरवासाठी तो वापरायचा नाही. क्रमांक आणि नावं असलेल्या ओळी घेतल्या नाहीत, पानांचे फोटो घेतले तिथं त्या जागा पांढऱ्या पट्टीने झाकल्या. पंचनाम्याची एक कार्बन प्रत मिळाली, ती सरकारी कागद म्हणून बाजूला. अपघाताचे फोटो नकोत, हे आधीच ठरलेलं.

आणखी एक कागद वगळावा लागला: स्थानिक पुढाऱ्याचा फोटोसह शोकसंदेश. त्याला कारण वेगळं होतं.

तिथी, निवडणूक आणि छपाई

मुलांनी मुदत धरली होती २ डिसेंबर २०२४. पण वर्षश्राद्ध तिथीने, आणि चांद्र वर्ष सौर वर्षाहून साधारण ११ दिवसांनी लहान. कार्तिक वद्य पंचमी २०२४ला आली २० नोव्हेंबरला. मधे अधिक महिना असता तर उलट पुढे गेली असती. २०२३चा अधिक श्रावण निधनाच्या आधीच होऊन गेला होता. गुरुजींना पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर हे बारा दिवस हातातून गेले नसते.

त्यात २० नोव्हेंबर हाच विधानसभेच्या मतदानाचा दिवस. छापखाने प्रचारपत्रकांनी भरलेले, आणि आचारसंहितेत पुढाऱ्याचा फोटो असलेलं पुस्तक ३०० घरांत वाटणं म्हणजे नसती आफत. संदेश गेला तो त्यामुळे. शेवटी विधी तिथीला आणि जेवण रविवारी, २४ तारखेला, असं ठरलं. चार दिवस मिळाले.

आकार डेमी अष्टमांश, १६ पानांचे दोन फॉर्म (घडी घातलेले जुडगे), मधे पिना. अशा बांधणीत पानं चारच्या पटीतच वाढतात, त्यामुळे ‘अजून एकच पान घाला’ हे शेवटच्या आठवड्यात शक्य नसतं. आत ९० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद, मुखपृष्ठाला २५० जीएसएम आर्ट कार्ड. मॅपलिथोवर जुने फोटो काळवंडतात. त्यांची सावली प्रेसला आधीच उजळून घ्यायला सांगावी. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो तर नकोच. १० सेंटिमीटर रुंद छपाईला साधारण ११८० पिक्सेल लागतात आणि पाठवताना ते कमी होतात. मूळ फोटो स्कॅन करावेत, निदान फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

खरी डोकेदुखी फॉन्टची. मजकूर युनिकोडमध्ये, प्रेसचा ऑपरेटर जुन्या फॉन्टवर. रूपांतरात रफार सरकतो, ‘ऱ्या’ फुटतो, ‘ॲ’ गायब होतो. ‘डायऱ्या’ हा शब्द पहिल्या प्रुफात अठ्ठावीस ठिकाणी मोडला होता. अशा वेळी एकट्याने डोळ्यांनी वाचून भागत नाही, डोळा चूक भरून काढतो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचं. आकडे एकेक अंक उच्चारून. हे तीनदा झालं.

तरीही एक चूक राहिली. पान ९ वर हायवेची दुसरी फेरी ‘२००७ ते २०१२’ अशी छापली गेली. आकडे वाचायची पाळी आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. जेवणाच्या दिवशीच संध्याकाळी गस्तीच्या गाडीवरच्या त्याच सहकाऱ्याचा फोन आला. तोवर २२० प्रती घरोघर गेल्या होत्या. उरलेल्या ८० प्रतींत दुरुस्तीची पट्टी चिकटवली, ग्लू-स्टिकने; पातळ गोंदाने मॅपलिथो सुकताना आकसतो आणि पान वेडंवाकडं होतं. बाकीच्यांसाठी पट्ट्या काकूंकडे दिल्या आहेत. येणाऱ्याला चहासोबत एक देतात आणि समोर बसवून लावून घेतात.

डायऱ्या मुलीकडे आहेत. रबर काढले, कारण जुनं रबर वितळून पुठ्ठ्याला चिकटतं. सुती नाडीने सैल बांधल्या, लॅमिनेशन केलं नाही. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायचं काम नातवाने घेतलंय. सध्या तो २००१च्या ऑगस्टपर्यंत पोचलाय आणि ‘द. उ.’ची वेगळी बेरीज ठेवतोय.